उजवा कौल

घाटात रेल्वेचा बोगदा फोडायला गेलेला गजा सुरुंगात मेला, असं सोबतचे गडी सांगत आले. पण मोतीबाईनं पोराचं सुतक धरलं नाही. दर अवसेला ती कडावच्या गावदेवीपुढं पदर पसरून विचारायची, "आई, माजा गजा जिता हाय ना गं?"

धाकलू गुरवाला तिची कीव यायची. कौल लावताना देवीच्या डाव्या खांद्यावरची नकाराची पाकळी तो गंधानं घट्ट चिकटवायचा, उजवीला नुसतं पाण्याचं बोट लावायचा. उजवी पडायची. देवीनं होकार दिला म्हणून म्हातारी हसत घरी जायची.

कैक वर्षांनी गजा खरंच आला. जळकं तोंड घेऊन गावात यायची लाज वाटत होती, म्हणाला. गावानं त्याला ओळखलं, धाकलूनंही ओळखलं. मोतीबाई मात्र त्याला हाताला धरून देवळात घेऊन आली.

"आये, मीच गं," गजा कळवळून म्हणाला.

"माजं डोळं म्हातारं झालं. देवीला इचारू दे."

पोर जिवंत समोर उभा असताना आता लबाडी कशाला, म्हणून धाकलूनं दोन्ही पाकळ्या पाण्यानंच लावल्या.

डावी पडली.

मोतीबाईनं गजाचा हात सोडला. धाकलूनं धावत जाऊन तिचे पाय धरले. "काकी, घात करू नको गं! इतकी वर्सं उजवी पाकळी मीच पाडत व्हतो!"

म्हातारीनं देवीकडं पाहून हात जोडले.

"म्हंजे देवी आज पयल्यांदाच बोलली रं, धाकलू."