मार्गी

हरिद्वारला मनसादेवीच्या डोंगरावर रोपवे जातो, पण आई हट्टाने पायऱ्याच चढली. वळणावळणाला गुडघा दाबत थांबायची आणि पुन्हा निघायची.

हेमांगी धुसफुसत मागे होती. तिचं लग्न व्हावं म्हणून आईने अकरा वर्षांपूर्वी इथल्या झाडाला नवसाचा दोरा बांधला होता. लग्न काही जमलं नाही. हेमांगीने सहलींची कंपनी काढली, आणि आजही सांगलीहून तिने आणलेली चाळीस माणसं खाली घाटावर तिची वाट बघत होती.

वर पोचल्यावर तिने निमूटपणे नवा दोरा आईपुढे धरला. आईने तो बाजूला सारला.

“बांधायला नाही, सोडायला आलेय.”

“नवस पुरा झाला की सोडतात, आई. माझं लग्न कुठे झालंय?”

“लग्न म्हणालेच नव्हते मी. ‘पोरीला मार्गी लाव’ एवढंच म्हणाले होते.” आई झाडावरची हाताला लागलेली एक जुनी गाठ नखांनी उकलू लागली. “गेले चार दिवस बघतेय, चाळीस जणांना तू रस्ता दाखवतेस. देवीला माझं मराठी माझ्यापेक्षा बरं कळलं.”