प्रार्थनेची विनंती

“रिबेकासाठी प्रार्थना करा गं. तिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलंय,” मंडळीच्या महिला सभेत एस्तेरबाई म्हणाल्या. बायका सरसावून बसल्या. एस्तेरबाईंना बरं वाटलं. त्यांनी त्या दुसरीचं नावही सांगून टाकलं.

रविवारी रिबेका चर्चला आली नाही, म्हणून एस्तेरबाई तिच्या घरी गेल्या.

“मी फक्त तुमच्यापाशी रडले होते, बाई,” रिबेका दारातूनच म्हणाली.

संडे स्कूलच्या मुलांना मोहापासून सावध राहायला शिकवणाऱ्या एस्तेरबाईंची मान खाली गेली. “चुकले मी. ती प्रार्थना नव्हती, चहाडी होती.”

“हे सभेत सांगाल?”

पुढच्या सभेत एस्तेरबाईंनी उभं राहून सगळं कबूल केलं. रिबेका मागच्या बाकावर होती. तिनं मान वर केली नाही, पण उठूनही गेली नाही.