इंजिनाची नाडी

गुडघे बोलायला लागले म्हणून बाबांनी गेल्या वर्षी गॅरेज बंद केलं, पण लेकीच्या हायब्रिड गाडीचं ऑइल बदलायला ते अंगणात गाडीखाली शिरले, तेव्हा गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. नवं ऑइल भरून त्यांनी तिला बटण दाबायला लावलं आणि सवयीने इंजिनावर वाकून कान लावला. "आधी बॅटरी चालते," ती आतून ओरडली. "इंजिन मनात येईल तेव्हा उठतं." थोड्या वेळाने ते घरघरलं. कडेला ठेवलेला पाना खडखडू लागला. ती उतरून पुढे आली, तर बाबा तसेच वाकून म्हणाले, "झोपलंय अजून." तिने त्यांचा तेलकट तळहात उचलून इंजिनाच्या झाकणावर टेकवला. बाबांनी डोळे मिटले. "छान चाललंय. गॅरेजात शेवटची दोन वर्षं कानाचं काम असं हातावरच भागवलं." तिची नजर त्यांच्या गुडघ्यांवर गेली. "ते ठणठणीत आहेत," बाबा म्हणाले.