खंडेनवमीला आलेलं ग्राफिक्स कार्ड

"आज स्क्रू ड्रायव्हर मिळणार नाही," पाटावरची हत्यारं पुसत बाबा म्हणाले. "खंडेनवमी आहे."

पाने, पक्कड, हातोडी आणि कारखान्यात तीस वर्षं वापरलेला त्यांचा बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. एकदा हळदकुंकू लागलं की उद्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा घरचा नियम. माझ्या हातात नुकतंच कुरियरने आलेलं नवं ग्राफिक्स कार्ड होतं. जुन्यावर गेम सारखा अडकायचा, आणि संध्याकाळी सहाला आमच्या टीमची सेमीफायनल होती.

"हत्यारं कामाला लावायची नाहीत ना?" मी म्हणाले. "पण तुम्हीच वर्षभर म्हणता, कार्टे, हे काही काम नाही, टाइमपास आहे."

बाबांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि व्हर्नियर सरकवून त्याच्या शेजारी ठेवलं. कुंकवाचं बोट कार्डावरच्या छोट्या पंख्यापाशी नेऊन ते थांबले.

"कुठे लावू?"

"पंख्यावर नको. कडेच्या पत्र्यावर लावा."

त्यांनी अगदी हलकेच बोट टेकवलं. "उद्या सकाळी दोघं मिळून बसवू."

जुन्या कार्डावर खेळता आलं असतं, अडखळत का होईना. मी आत जाऊन माउस आणि कीबोर्ड सोडवून आणले, पाटावर मांडले आणि टीमला मेसेज टाकला: माझ्या जागी राखीव खेळाडू घ्या. आमच्याकडे आज हत्यारांना सुट्टी असते.