खुंटीवरची रोटी

येकातेरिनबुर्गच्या त्या वसतिगृहातल्या ताजिक बायकांत धड रशियन बोलता यायचं ते एकट्या जुलैखोला. म्हणून नवरा बांधकामावरून पडल्याचं कळताच सफरगुल तिलाच हाताला धरून इस्पितळात घेऊन आली.

डॉक्टर बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढली आणि दोनच वाक्यं बोलले. जुलैखोला शब्दन्‌शब्द कळला.

“काय म्हणाले, आपा? ह्यांना घरी कधी सोडणार?” सफरगुलने तिचा दंड धरला. “वसंतात गावी जायचंय, तेही विचारा ना. निघताना ह्यांनी घास तोडलेली रोटी सासूबाईंनी अजून खुंटीला टांगून ठेवलीय. परत जाऊन ह्यांनीच ती संपवायची आहे. म्हातारी कुण्णाला हात लावू देत नाही तिला!”

जुलैखो डॉक्टरांकडे वळली आणि या देशात आल्यावर सगळ्यात आधी शिकलेलं वाक्य म्हणाली, “मला रशियन कळत नाही.”

डॉक्टर भले गृहस्थ होते. ते जरा वाकले, सफरगुलच्या डोळ्यांत पाहिलं आणि लहान मुलाला सांगावं तसं, अगदी सोपं करून, सावकाश म्हणाले, “नवरा... नाही.”

सफरगुलचा हात जुलैखोच्या दंडावरून गळून पडला.

रोज संध्याकाळी वसतिगृहातल्या शेगडीपाशी बसवून जुलैखोने तिच्याकडून रशियनचे तेवढेच तर शब्द घोकवून घेतले होते. नवरा, पोर, पाव, दूध. आहे. नाही.