चौथीचा निकाल

पर्युषण पर्वाचे दहा दिवस उपासतापासात गेले आणि क्षमावणीच्या दिवशी सदलग्यात सकाळपासून एकच घाई उडाली. जैनांच्या घराघरांत माणसं जात होती, हात जोडत होती, "जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा करा" म्हणत पुढच्या उंबऱ्याकडं वळत होती. राजमतीबाईंना मात्र कुठं जायचं कारणच नव्हतं. शहात्तर वर्षांच्या बाई, दोन महिने अंथरुणाला खिळलेल्या. पण तीस वर्षं मुलींच्या शाळेत मास्तरीण, तेव्हा अर्धं गावच त्यांच्या उंबऱ्यावर. कुणी सांगत होती, बाईंनी मला तंबाखूच्या शेतातनं ओढून शाळेत नेलं. कुणी खाल्लेल्या छड्या मोजत होती. बाई सगळ्यांना हात जोडत होत्या.

दुपारी गर्दी ओसरली. अक्काताई तेवढी मागं राहिली. ती बाईंच्या हाताखाली चौथी पास झालेली, आता त्याच शाळेत मास्तरीण. बाईंची लेक चंदना आईच्या सेवेला माहेरी आली होती. ती वाटीतली पेज भरवत होती. बाईंनी वाटी बाजूला सारली आणि लेकीपुढं हात जोडले.

"अगं, सकाळी मागितलीस की क्षमा! किती बारी मागशील?"

"दरसाल मागतो. पण गावाला मागतो तसलीच. कशाची, ते कधी सांगितलं न्हाय." बाईंचे हात जोडलेलेच होते. "चंदे, तू चौथी नापास न्हवतीस. तिन्ही साली पास झालतीस. पयल्या नंबरानं."

चंदनाचा चमचा वाटीतच थांबला.

"चौथीत पाच पोरी न्हाईत तर वर्ग बंद, असं शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबानं लिहून दिलतं. तिसरी झाली की लोक पोरी कामाला लावायचे, न्हायतर लगीन. गावभर हिंडून चारच मिळायच्या. पाचवी पोर कुठनं आणू? घरात एक होती." बाईंनी दम घेतला. "नापास म्हणून लिहिलं. एकदा न्हाय, तीनदा."

अक्काताईनं तोंडावर हात धरला. त्या चार पोरींतली एक तीच.

चंदना उठली आणि तडक आत गेली. आत एक भांडं आपटलं. 'मठ्ठ चंदी' हे नाव तिला बाराव्या वर्षी चिकटलं, ते पाठोपाठ सासरीही गेलं. मास्तरणीची पोर आणि तीनदा नापास! सासूनं उठता-बसता तेच ऐकवलं. कुणी कागद पुढं केला की चंदना म्हणायची, मला बाई त्यातलं काय कळत न्हाय. आलेलं पत्र ती दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची. आईच्या हातचंसुद्धा!

"तिनं क्षमा न्हाय केली तर गं?" बाई अक्काताईला विचारू लागल्या. "पुढच्या क्षमावणीपातूर मी कुठली ऱ्हातो?"

अक्काताई चंदनाला बोलवायला उठली.

चंदना बाहेर आली. डोळे लाल, हातात पाटी-पेन्सिल. आईपुढं मांडी ठोकून बसली.

"म्हंजे मी मठ्ठ न्हवतो?"

"न्हवतीस, लेकी. तुझ्यापरीस हुशार पोर माझ्या वर्गात आली न्हाय."

"नुसत्या बोलण्यावर कोण इश्वास ठेवणार? क्षमा नंतर. आदी मला पास कर."

"आता?"

"आता! घाल गणित. त्याच परीक्षेतलं घाल, ध्यानात असंल तर."

ध्यानात नसायला काय झालं! बाई लगेच म्हणाल्या, "सदतीस गुणिले अठ्ठावीस."

शेहेचाळीस वर्षांची चंदना जीभ बाहेर काढून आकडे मांडायला लागली. बोटं मोजली, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाटी आईपुढं धरली. नऊशे छत्तीस.

बाईंनी चष्मा लावला, पाटी डोळ्यांजवळ नेली.

"हातचा विसरलीस."

"बाई!" अक्काताई कळवळली. "आजच्या दिवशी तरी असू दे की! लिवा 'पास' आणि सोडा. काय बिघडतंय?"

"खोटा निकाल लिहून पस्तीस वर्षं मला धड झोप न्हाय, अक्काताई. परत लिहायला लावू नको." त्यांनी पाटी लेकीकडं सरकवली. "परत कर."

चंदनानं आईकडं बघितलं. आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. हसता हसताच ती रडली.

"जल्माची मास्तरीण! हातरुणात पडलीया, पण अर्धा मार्क फुकट द्यायची न्हाय!"

तिनं तळव्यानं पाटी पुसली. या वेळी मोठ्यानं पुटपुटत केलं. नऊ नि चार तेरा, तेराचे तीन, हातचा एक. एक हजार छत्तीस.

बाईंनी एकेका आकड्याखाली पेन्सिल फिरवली. मग खाली लिहिलं, 'पास'. सही केली, तारीख घातली.

"केली गं आई क्षमा," चंदना म्हणाली. "मनापासनं केली. आता तरी पेज खा."

बाईंची मान उशीवर कलली होती, पेन्सिल बोटांतच होती आणि बाई चक्क घोरत होत्या. चंदनानं त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं. तिला स्वतःलाही इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अक्काताईनं मास्तरणीच्या सवयीनं पाटी उचलली आणि पुसायला पदर धरला. चंदनानं तिचा हात वरच्या वर पकडला.

"पुसशील तर बघ! पस्तीस वर्षांनी निकाल लागलाय माझा."