पडद्याची डावी कड

वडिलांनी तरुणपणी रचलेला कॉम्प्युटरवरचा खेळ आजच्या रुंद पडद्यावर शोभावा, म्हणून मुलगा तो हौसेने, जणू पूजाभावाने नव्याने घडवीत होता. राजवाड्याचे दृश्य रुंदावताच जुन्या पडद्यावर कधीच न मावलेली डावी कड उजेडात आली. तिथे चिखलात एक डुकरीण लोळत होती आणि तिच्या धडावर जाड चष्म्याचा, हनुवटीवर तीळ असलेला, आईचा तरुण चेहरा होता. त्याने वडिलांना बोलावून पडद्यावर बोट ठेवले.

"बाबा, हे काय आहे?"

"अरे, लग्नाआधीची ऑफिसातली थट्टा ती!" वडील खो खो हसले. "तेव्हा पडदा केवढासा! कुणाला दिसणार होतं?"

"मला दिसत होतं की, अहो," दारात उभी असलेली आई म्हणाली. "तुमच्या चित्रांत रंग भरायचं काम माझंच होतं ना? ही डुकरीणही मीच रंगवलीय."